खुळखुळ्याचं नाव दर वेळी वेगळं येतंय? आधी फुलाचा नाद सोडा

पाऊस ओसरायला लागला की ठाणे-नवी मुंबईच्या सगळ्या निसर्गवाल्या ग्रुपांवर एकच फोटो फिरायला लागतो. उभा तुरा, पिवळीधमक फुलं, कधी निळसर जांभळी, आणि खाली प्रश्न, "हे कुठलं? झाडं ओळखणारं ॲप एकदा रेटुसा म्हणतंय, एकदा स्पेक्टॅबिलिस, आणि काल तर चक्क ल्युपिन म्हणालं." मग कोणी घागरी लिहितं, कोणी रानताग, कोणी खुळखुळा, शेवटी एखादे काका "अहो सगळं एकच" म्हणून विषय मिटवतात आणि पुढच्या रविवारी येऊरच्या जंगलातून आलेली नवीन मंडळी परत तोच फोटो टाकतात. तेच तेच उत्तर टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, सगळं एकच नाहीये. खुळखुळा म्हणजे क्रोटॅलॅरिया, आणि या एका कुळीत जगभरात ७०० च्या आसपास जाती आहेत (रेटुसा, स्पेक्टॅबिलिस ही त्यातल्याच जातींची नावं), सगळ्यात जास्त आफ्रिकेत, पण आपल्याकडेही भरपूर. ठाण्याच्या डोंगरापासून पामबीच रोडच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत चार-पाच तरी सहज दिसतात, आणि त्यांची फुलं इतकी सारखी की फुलाचा क्लोजअप कितीही भारी काढलात तरी त्यावरून नाव सांगणं अवघडच. ॲपचा दोष मी काढत नाही, त्याला आपण जे दाखवतो त्यावरच ते बोलणार. आपण काय दाखवतो, तर फुल स्क्रीन एक पिवळी पाकळी, मागे सगळं ब्लर. पोर्ट्रेट मोड बंद करा आधी! नाव ठरतं ते पानाच्या देठाच्या बुडाशी, कळीच्या खाली आणि शेंगेच्या सालीवर, आणि नेमके हेच तीन फोटो कोणी काढत नाही.

ल्युपिन का दाखवतंय

ल्युपिन ही परदेशातली वेगळीच फुलझाडं, आणि ही चूक मुख्यतः निळ्या फुलाच्या खुळखुळ्याला होते, म्हणजे क्रोटॅलॅरिया वेरुकोसाला. कारण समजण्यासारखं आहे, दोन्ही शेंगावर्गीय, दोघांचाही उभा तुरा, फुलाची ठेवण तीच. आतून बघितलं तर दोघांतही दहा पुंकेसर खाली एकमेकांना जोडलेले, त्यातल्या पाचांचे परागकोश लांबट आणि पाचांचे छोटे गोलसर, म्हणजे नातं तसं जवळचंच आहे. पण पान बघितलं की वाद संपतो. ल्युपिनचं पान म्हणजे एका देठाच्या टोकावरून सगळीकडे पसरलेल्या पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग, पाच, सात, नऊ, अकरा अशा. आपल्या निळ्या खुळखुळ्याचं पान एकटं, रुंद, साधं. शिवाय ठाण्याच्या जंगलात ल्युपिन उगवत नाही, कोणाच्या कुंडीतलं असेल तर गोष्ट वेगळी.

तसं ल्युपिनवाल्यांचंही रडगाणं हेच आहे बरं का. अमेरिकेत मेन राज्यात जूनमध्ये जांभळी शेतंच्या शेतं फुलतात, आपली तिकडची भाचे-पुतणे मंडळी फोटो पाठवतात, "वाइल्ड ल्युपिन" म्हणून. पण ते बहुतेक सगळं ल्युपिनची पॉलिफायलस ही जात, म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडचं, बागेतून पळालेलं. तिथली मूळची जात पेरेनिस, ती त्या राज्यातून नाहीशीच झालीये असं मानतात. पेरेनिसच्या पानाला साधारण ७ ते ११ पर्णिका, पॉलिफायलसच्या जास्त, पार १७ पर्यंत, आणि दोघांचा संकर होतो तो ताप वेगळाच. हे नुसतं नावाचं खूळ नाही, कारण कार्नर ब्लू नावाचं एक छोटं निळं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या फक्त पेरेनिसवरच जगतात, दुसरं ल्युपिन लावून त्यांचं भागत नाही. तिथेही फुलावरून ठरवायला गेलं की चुकतं, पर्णिका मोजाव्या लागतात. असो, आपण आपल्या प्लॉटवर येऊ.

आधी खुळखुळाच आहे का ते बघा

हे पटकन होतं. टाकळ्याचं फूलही पिवळं आणि तेही त्याच रस्त्याच्या कडेला, पण त्याच्या पाच पाकळ्या जवळपास सारख्या, सरळ उघडलेल्या. खुळखुळ्याच्या फुलात वर एक मोठी उभी पाकळी, बाजूला दोन, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली चोच, ती चोच वर वळलेली असते. कवल्याचं फूलही असंच पण अगदी छोटं, आणि पान बारीक बारीक पर्णिकांचं. रानतूर वेलासारखी दुसऱ्यावर चढते. आणि शेंग आलेली असेल तर प्रश्नच नाही, खुळखुळ्याची शेंग फुगीर, आत हवा, वाळली की बिया सुटतात आणि हलवली की वाजते.

एक पान की तीन

हा पहिला खरा फाटा. आणि इथेच निम्म्या चुका होतात, कारण फांदीच्या टोकाशी तीन साधी पानं जवळजवळ आली की फोटोत ते तीन पर्णिकांचं एक पान वाटतं. ओळखायची युक्ती एकच, बगल बघा. खऱ्या पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो त्या बगलेत बारीकशी कळी किंवा कोवळा फुटवा असतो. पर्णिकेच्या बुडाशी काहीच नसतं. म्हणजे तीन हिरवे भाग दिसताहेत आणि प्रत्येकाच्या बुडाशी फुटवा आहे तर ती तीन पानं, तिघांच्या मिळून एका लांब देठाच्या बगलेतच फुटवा असेल तर ते एक पान. हे डोळ्याने नीट दिसतं, भिंग लागत नाही, चष्मा मात्र लागतो आमच्या वयाला.

तीन पर्णिका असतील आणि झाड छाती-कमरेएवढं असेल तर आपल्याकडे पहिला संशय पॅलिडावर घ्या. ही मूळची आफ्रिकेकडची मानतात पण आता सगळीकडे रुळलीये, घोडबंदर रोडला नवीन इमारतींच्या पत्र्यामागे, रेल्वेच्या कडेला, जिथे माती उकरली तिथे हजर. लांबलचक तुरा, त्यावर खूप फुलं पण लहान, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, पिवळ्यावर तपकिरी लाल बारीक रेघा. शेंगा अरुंद, खाली लोंबणाऱ्या, ओळीने. नुसत्या त्या लोंबत्या अरुंद शेंगांच्या माळेवरून लांबून ओळखू येते ही.

तीन पर्णिका पण झाड अगदी किरकोळ, जमिनीलगत, पर्णिका नखाएवढ्या आणि शेंगा जवळपास गोल मण्यासारख्या, तर ती मेडिकाजिनिया, तिच्या शेंगेत बिया दोनच. आणि तीन पर्णिका, फूल मोठं हिरवट पिवळं, आणि शेंग फुलाच्या बुडापासून स्वतःच्या वेगळ्या लांब दांडीवर लटकलेली असेल तर लॅबर्निफोलिया. ही दांडी एकदा बघितली की विसरत नाही माणूस, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

एकच पान, फूल निळसर

वेरुकोसा. खोड हातात धरून फिरवा, चार कडा बोटाला लागतात. आणि पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखी छोटी पानं असतात, त्यांना उपपर्ण म्हणतात, ती हिच्यात इतकी मोठी की कोणालाही दिसतील. फुलाचा रंग फोनमध्ये कधी जांभळा येतो कधी फिका पांढरा, त्यावर भांडू नका. चार कडा आणि चंद्रकोर मिळाली की काम झालं.

एकच पान, फूल पिवळं: खरी डोकेदुखी

सगळी भांडणं इथे. रेटुसा, स्पेक्टॅबिलिस आणि ताग.

ताग आधी बाजूला काढू, म्हणजे जन्सिया, शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि वाख काढतात तो. आजकाल टेरेस गार्डनवाले पण पेरतात आणि मग बी उडून सोसायटीच्या मागे उगवतो. पान अरुंद, लांब, झाड सडपातळ उंच, आणि मुख्य म्हणजे अंगावर मऊ लव, शेंग तर मखमलीच. बोट फिरवा, केसाळ लागली तर ताग. रेटुसा आणि स्पेक्टॅबिलिस दोघांच्याही शेंगा गुळगुळीत, पिकल्या की काळ्या. म्हणजे नुसत्या स्पर्शाने तिघांतला एक गेला.

आता उरले दोघं, आणि यांच्यासाठीच मी एवढं लिहायला घेतलं. दोघांचं फूल दोन-अडीच सेंटिमीटरचं, पिवळं, मागे लालसर जांभळट रेघा. दोघांची पानं साधी, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती होत गेलेली. लोक सांगतात की पानाच्या टोकाला खाच असली की रेटुसा, आणि पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे ते, पण नुसत्या खाचेवर जाऊ नका. एक तर प्रत्येक पानाला ती सारखी खोल नसते, काही पानं नुसती गोल टोकाची. दुसरं, ऑक्टोबरपर्यंत अळ्या आणि टोळांनी पानांची टोकं कुरतडलेली असतात, मग स्पेक्टॅबिलिसचं पानही खाच असल्यासारखं दिसतं. एका झाडाची आठ-दहा अख्खी पानं बघा, खालची जुनी सोडून मधली.

खात्रीची खूण आहे ती कळ्यांच्या खाली. प्रत्येक फुलाचा बारीक देठ तुऱ्याच्या दांड्यावर जिथून निघतो तिथे त्याच्या खाली एक छोटं पान असतं, सहपत्र. रेटुसात ते इतकं बारीक, सुईच्या टोकासारखं, की शोधावं लागतं. स्पेक्टॅबिलिसमध्ये ते चांगलं रुंद, हिरवं, टोकदार, सेंटिमीटरच्या आसपास, आणि फूल गळून शेंग धरली तरी तिथेच चिकटून. म्हणून तुऱ्याचं अगदी वरचं टोक बघा जिथे कळ्या अजून मिटलेल्या असतात, स्पेक्टॅबिलिसचं टोक हिरव्या पानांनी गजबजलेलं दिसतं, रेटुसाचं टोक उघडं, नुसत्या कळ्या. मग खाली या, पानाच्या देठाच्या बुडाशी, तिथेही तीच गोष्ट, रेटुसाचं उपपर्ण बारीक काट्यासारखं, स्पेक्टॅबिलिसचं रुंद आणि टिकणारं. दोन जागा तपासल्या, दोन्हीकडून एकच उत्तर आलं की मग बिनधास्त नाव लिहा. एकीकडे बारीक आणि दुसरीकडे रुंद असं आलं तर समजा की तुम्ही दोन झाडं एकत्र बघताय.

दोन झाडं एकात

हे हसण्यावारी नेऊ नका, खूप वेळा होतं. खाडीकडच्या भरावावर किंवा खारघरच्या डोंगराखालच्या प्लॉटवर ही सगळी गर्दी करून उगवतात, पॅलिडाची पानं आणि रेटुसाचं फूल एकाच फ्रेममध्ये येतं, आणि मग ग्रुपवर "तीन पर्णिका आणि मोठं फूल, नवीन जात सापडली का" असली चर्चा. फुलापासून बोट खाली सरकवत सरकवत खोडापर्यंत जा, त्याच खोडावरच्या पानाचा फोटो घ्या. वारा असेल तर दुसऱ्या हाताने खोड धरा. हात फोटोत आला तर उलट बरंच, माप कळतं.

पुस्तकातलं नाव आणि ॲपमधलं नाव वेगळं

हा चुकीचा प्रकार नाहीच खरं तर, पण भांडणं जोरात होतात. जुन्या पुस्तकांत सेरिसिया म्हणून जी दिलीये तीच आजची स्पेक्टॅबिलिस. स्ट्रायटा किंवा म्युक्रोनाटा लिहिलं असेल तर ती पॅलिडा. ज्यांच्याकडे वडिलांच्या काळातली फ्लोरा, म्हणजे वनस्पतींच्या नोंदींचं पुस्तक आहे ते एक नाव सांगतात, फोनवाले दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात. रेटुसा, वेरुकोसा आणि जन्सिया ही नावं मात्र १७५३ साली लिनियसने दिली तीच अजून चालू आहेत, तिथे हा गोंधळ नाही. आणि घागरी, खुळखुळा ही आपली नावं कुठल्याही वाजणाऱ्या शेंगेला लावतात, त्यावरून जात ठरवायला जाऊ नका.

फुलपाखरं बसली म्हणून रेटुसा?

नाही. ओवळेकर वाडीला किंवा येऊरला जाणाऱ्यांनी बघितलं असेल, ब्लू टायगर, कॉमन क्रो वगैरे झुंडीने खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या पानांवर, शेंगांवर बसतात, फुलावर नाही, आणि पायाने खरवडतात. ते जास्त करून नर असतात, त्या झाडातली कडू विषारी द्रव्यं ते शोषून घेतात, त्यातून मादीला आकर्षित करायचा गंध बनतो आणि पक्ष्यांपासून बचावही होतो. पण ही द्रव्यं या कुळीत बऱ्याच जातींत आहेत, आणि भुरुंडी नावाच्या रानरोपातसुद्धा आहेत जिचा खुळखुळ्याशी काही संबंध नाही. शेंगेत शिरलेल्या काळ्या-पांढऱ्या-नारिंगी अळीवरूनही जात कळत नाही, तिला जी शेंग मिळेल ती चालते. बघायला मजा येते, फोटो काढा, पण ओळखीचा पुरावा म्हणून देऊ नका.

त्यावरून आठवलं, हल्ली रानभाजीच्या उत्साहात कोणी कोणी विचारतं की तागाच्या फुलांची भाजी करतात काही ठिकाणी, मग याची केली तर? अजिबात नाही. रेटुसा आणि स्पेक्टॅबिलिस दोन्हींत मोनोक्रोटॅलिन असतं, यकृत खराब करणारं, गुरं-घोडे मरतात त्याने. १९७० च्या दशकात सरगुजा भागात, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आता छत्तीसगडमध्ये, गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळून गेल्या आणि गावकऱ्यांना यकृताचा भयंकर आजार झाला, माणसं गेली त्यात. म्हणून "दिसायला तागच वाटतोय" एवढ्यावर काही शिजवू नका, आणि लहान मुलांना वाजवायला शेंगा देताना त्या तोंडात जात नाहीत ना ते बघा.

तरी जमलं नाही तर फोटो कसे पाठवायचे

अख्खं झाड एकदा, मग तुऱ्याचं कळ्यांचं टोक बाजूने, वरून नाही. पानाचा देठ खोडाला चिकटतो ती जागा जवळून. एक अख्खं पान हातावर सपाट धरून. शेंग असली तर शेंग, आणि ती केसाळ की गुळगुळीत ते लिहून सांगा कारण फोटोत कळत नाही. फूल सगळ्यात शेवटी, हौसेसाठी. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि रेटुसाचं ते सुईएवढं सहपत्र तिथेच गायब होतं, मग आम्ही म्हणणार सहपत्र दिसत नाही आणि तुम्ही म्हणणार मला तर दिसत होतं. जागा लिहा, नुसतं "ठाणे" नको, डोंगर, खाडीकाठ, रस्ता की शेत एवढं तरी. येऊरला तोडायचं नाही काही, तो नॅशनल पार्कचा भाग आहे, आणि वरच्या सगळ्या खुणा झाड न तोडता बघता येतात, शेंग फांदीवरच चाचपता येते.

पावसात खारघरच्या कातळावर जमिनीला चिकटलेले बुटके केसाळ खुळखुळे दिसतात, पिवळं फूल दोऱ्यासारख्या बारीक देठावर, त्यात फिलिपिस वगैरे जाती येतात. तिथे वरच्या युक्त्या पुरणार नाहीत, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि कोणीतरी जाणकार सोबत लागतं, फोनवरून नाव सांगायचा हट्ट मीही करत नाही.

आणि डिसेंबर-जानेवारीत गेलात, फुलं संपलेली, नुसत्या काळ्या शेंगा वाजताहेत, पानंही निम्मी गळालेली, तरी परत फिरू नका. शेंगेच्या देठाखाली सुकलेलं रुंद सहपत्र अजून चिकटलेलं आहे का बघा, असेल तर स्पेक्टॅबिलिस. नसेल तर लगेच रेटुसा लिहू नका, सुकलेलं पान वाऱ्याने पडूही शकतं, तेव्हा आजूबाजूच्या आणखी दोन-चार झाडांच्या शेंगा तपासा आणि तरी काही मिळालं नाही तर नुसतं क्रोटॅलॅरिया लिहून जागेची खूण ठेवा, पुढच्या सप्टेंबरात त्याच ठिकाणी बियांतून परत उगवेल.